नव्याने घरी आणलेल्या पक्ष्याच्या पिल्लाचे खाणे: पहिल्या दिवसापासून सिरिंज सुटेपर्यंत

घरी नुकतेच आणलेले पिल्लू उपाशी राहते ते बहुतेक वेळा भरलेल्या वाटीशेजारीच. बिया खाणारा पक्षी दाणा चोचीत फिरवून सोलतो, गर गिळतो आणि टरफल पुन्हा वाटीतच टाकतो, त्यामुळे दाणे संपले तरी वरून पाहणाऱ्याला वाटी काठोकाठ भरलेली दिसते. याउलट ज्या पिल्लाला सोलण्याची कला पुरती साधलेली नसते ते दाणे नुसतेच चोचीत घोळवून खाली टाकते आणि पाहणाऱ्याला ते दिवसभर खातच आहे असे वाटते. माझ्याकडे आलेल्या पहिल्या कॉकाटीलच्या बाबतीत या दोन्ही चुका मी एकाच आठवड्यात केल्या. तेव्हापासून मी वाटीवरचा विश्वास काढून वजनकाट्यावर ठेवला. पुढील प्रत्येक टप्प्यात वजन, क्रॉप (मानेच्या पायथ्याशी असलेली, गिळलेले अन्न साठवणारी पिशवी) आणि विष्ठा यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल, कारण पिल्लाच्या पोटात खरोखर काय आणि किती गेले ते याच तीन गोष्टी सांगतात.

हा लेख प्रामुख्याने बजरीगर, लव्हबर्ड, कॉकाटील, कोन्यूर आणि मोठे पोपट अशा पोपटवर्गीय पिल्लांसाठी आहे. कबुतराचे पिल्लू चोच उघडून अन्न घेत नाही, तर पालकाच्या तोंडात स्वतःची चोच खुपसून घेते, त्यामुळे त्याला भरवण्याची रीत वेगळी असते. लोरी हे मधुरस आणि परागांवर जगणारे पोपट आहेत, तर मैनेला लोहाचे प्रमाण कमी असलेले खाद्य लागते. तेव्हा या पक्ष्यांना खालील क्रम जसाच्या तसा लावू नये.

आणण्यापूर्वी विचारायच्या गोष्टी

पिल्लू ज्याच्याकडून घ्यायचे त्याला जन्मतारीख, सध्याचे वजन, दिवसातून किती वेळा आणि किती मिलिलिटर भरवले जाते, फॉर्म्युला (पाण्यात कालवून भरवायची तयार भुकटी) कोणत्या कंपनीचा आहे, तो किती पातळ केला जातो, सिरिंज वापरली जाते की चमचा आणि शेवटचे भरवणे किती वाजता झाले हे सर्व विचारून लिहून घ्यावे. शक्य असल्यास त्याच्या हातून एक वेळचे भरवणे प्रत्यक्ष पाहावे आणि दुसऱ्या वेळी त्याच्यादेखत स्वतः भरवून पाहावे. त्याच फॉर्म्युल्याची आणि दाण्यांची किमान दोन आठवडे पुरतील एवढी बेगमी पिल्लू येण्याआधीच घरात असावी.

‘स्वतः खाऊ लागले आहे’ या वाक्यावर मात्र विसंबू नये. दाणा चोचीत धरणे, दाणा सोलणे आणि दिवसभराची भूक भागेल इतके दाणे सोलून गिळणे या तीन अवस्थांमध्ये काही आठवड्यांचे अंतर असू शकते. ‘हाताने भरवले म्हणजे पक्षी अधिक माणसाळतो’ असे सांगून पूर्णपणे सिरिंजवर असलेले पिल्लू नवख्या माणसाच्या हाती दिले जाते, हा प्रकार मला अजिबात पटत नाही. पक्षी माणसाळतो तो रोजच्या शांत सहवासाने. सिरिंजवरचे पिल्लू दगावते ते बहुधा तापमानाच्या, प्रमाणाच्या किंवा स्वच्छतेच्या चुकीने, आणि या चुका पहिल्याच खेपेस होतात. निवड आपल्या हाती असेल तर पूर्णपणे स्वतः खाणारे पिल्लूच घ्यावे. पुढचा सिरिंजचा भाग ज्यांच्या हाती असे पिल्लू आधीच आलेले आहे त्यांच्यासाठी आहे.

पहिले अठ्ठेचाळीस तास

पिल्लू घरी पोहोचताच भरवण्याची घाई करू नये. प्रवासाने ते गारठलेले असू शकते, आणि गार पडलेल्या पिल्लाची पचनक्रिया मंदावते, त्यामुळे त्याच्या पोटात गेलेले अन्न पुढे सरकत नाही व तिथेच आंबते. आधी ऊब, मग अन्न हा क्रम कधीही मोडू नये. नुकतीच कोंबपिसे फुटू लागलेल्या पिल्लाच्या खोक्यात साधारण 29 ते 32 अंश सेल्सिअस तापमान असावे, तर अंगभर पिसे आलेल्या पिल्लाला 24 ते 27 अंश पुरतात. थर्मामीटर पिल्लाच्या पातळीवर ठेवावा, खोक्याच्या झाकणाजवळ नव्हे. पिल्लू पंख अंगापासून दूर धरून चोच उघडी टाकून धापत असेल तर उष्णता जास्त झाली आहे. पाय हाताला गार लागत असतील किंवा ते थरथरत असेल तर ती कमी पडते आहे.

दुसरे काम वजनाचे. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा डिजिटल काटा ही या सगळ्या तयारीतील सर्वात महत्त्वाची वस्तू आहे. लहान पिल्लू वाटीत किंवा छोट्या डब्यात ठेवून, आणि मोठे पिल्लू काट्यावर ठेवलेल्या लाकडी दांडीवर बसवून तोलता येते. रोज सकाळी, पहिल्या भरवण्यापूर्वी, क्रॉप रिकामे असताना वजन करावे आणि तारखेसह वहीत लिहावे. वेळ बदलली तर आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, कारण भरलेल्या क्रॉपमुळे वजन सहज दहा टक्क्यांनी वाढलेले दिसते.

तिसरी गोष्ट म्हणजे अन्नात कोणताही बदल न करणे. आधीच्या घरी पिल्लू निकृष्ट दाण्यांवर वाढले असले तरी पहिले एक-दोन आठवडे त्याला तेच द्यावे. जागा, आवाज, माणसे आणि उजेड सगळेच बदललेले असताना ओळखीचे अन्न हा त्याचा एकमेव आधार असतो, आणि आहार सुधारण्याच्या उत्साहात तोच काढून घेतला तर पिल्लू अन्नाला तोंडच लावत नाही. घरात आधीपासून पक्षी असतील तर नव्याला किमान 30 दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे, त्याची भांडी वेगळी ठेवावीत आणि जुन्या पक्ष्यांचे खाणेपिणे आटोपल्यावरच त्याच्याकडे वळावे.

क्रॉपची ओळख

अन्ननलिकेचा मानेच्या पायथ्याशी, छातीच्या वर फुगलेला पिशवीसारखा भाग म्हणजे क्रॉप. गिळलेले अन्न तिथे साठते, मऊ होते आणि थोडेथोडे पुढे जठराकडे सरकते. पिसे न आलेल्या पिल्लाचे क्रॉप त्वचेतून स्पष्ट दिसते, तर पिसे आलेल्या पिल्लाचे बोटाने हलकेच चाचपून कळते. नीट भरलेले क्रॉप पाणी भरलेल्या मऊ फुग्यासारखे लागते. ते ताणलेले व टणक लागले तर जास्त भरवले गेले आहे आणि ते अन्न घशात परत येऊन श्वासनलिकेत शिरण्याचा धोका आहे.

पुढचे भरवणे घड्याळाने नव्हे, क्रॉपने ठरते. ते जवळजवळ रिकामे झाल्यावरच नवे अन्न द्यावे, आणि चोवीस तासांत निदान एकदा, बहुधा पहाटेपर्यंत, ते पूर्ण रिकामे व्हायलाच हवे. जुन्या अन्नावर नवे ओतत गेल्यास तळाचे अन्न आंबते, यीस्ट आणि जिवाणू वाढतात आणि क्रॉप हळूहळू काम करणेच थांबवते. सकाळी क्रॉपमध्ये अन्न शिल्लक दिसले तर प्रथम खोक्याचे तापमान, फॉर्म्युल्याचा दाटपणा आणि आदल्या रात्रीचे प्रमाण तपासावे व पुढच्या वेळी थोडे कोमट पाणीच द्यावे. पूर्ण चोवीस तास उलटूनही ते रिकामे होत नसेल, किंवा चोचीतून आंबट वास येत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नये. पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी जावे.

फॉर्म्युला तयार करणे

पोपटवर्गीय पिल्लांसाठी तयार मिळणारी भुकटीच वापरावी. दूध देऊ नये, कारण पक्ष्यांना दुधातील साखर पचवता येत नाही. माणसांच्या बाळांसाठीच्या धान्यभुकटीत पिल्लाच्या वाढीला लागणारी प्रथिने आणि कॅल्शियम पुरेसे नसते, त्यामुळे तीही दीर्घकाळ चालत नाही. चांगल्या भुकटीत स्वतःहून जीवनसत्त्वे, तेल किंवा मध मिसळण्याची गरज नसते. तसे करण्याने तिचे मोजून साधलेले प्रमाण मात्र बिघडते.

हात साबणाने धुवून, उकळून कोमट केलेले पाणी मोजून घ्यावे आणि पाकिटावर पिल्लाच्या वयानुसार दिलेल्या प्रमाणात भुकटी घालून गुठळ्या मोडेपर्यंत ढवळावे. अगदी लहान पिल्लाला पातळ व मोठ्याला दाट फॉर्म्युला लागतो. पिसे येऊ लागलेल्या पिल्लासाठी तो चमच्यावरून सावकाश ओघळेल इतका दाट असावा. भुकटी पाणी शोषत राहते, म्हणून दोन-तीन मिनिटे थांबून पुन्हा ढवळावे आणि गरज पडल्यास थोडे पाणी वाढवावे.

आता तापमान. येथे घाई करणाऱ्याला पिल्लू माफ करत नाही. भरवताना फॉर्म्युला 39 ते 41 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावा. तो 38 अंशांखाली उतरला तर बरीच पिल्ले चोच फिरवतात, आणि ज्यांनी खाल्ले त्यांचे क्रॉप संथ होते. 43 अंशांच्या वर गेला तर क्रॉपचे आवरण आतून भाजते. हे भाजणे त्या क्षणी दिसतही नाही. काही दिवसांनी छातीवरील त्वचा लालसर होते, तिथे खपली धरते आणि ती निघाल्यावर भोकातून अन्न बाहेर येऊ लागते. अशी जखम शस्त्रक्रियेशिवाय सहसा भरून येत नाही. म्हणून मनगटावर थेंब टाकून अंदाज घेणे पुरेसे नाही, प्रत्येक वेळी स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर फॉर्म्युल्यात बुडवून आकडा पाहावा. मायक्रोवेव्हमध्ये फॉर्म्युला गरम करू नये, कारण त्यात काही भाग कोमट आणि काही उकळता असा तो तापतो आणि थर्मामीटर नेमका कोमट भागात बुडलेला असू शकतो. गरम पाण्याच्या मोठ्या वाडग्यात फॉर्म्युल्याची वाटी ठेवली की ऊब टिकून राहते. मात्र अशा वेळी वाटीच्या कडेचा फॉर्म्युला अधिक तापतो, म्हणून सिरिंज दर वेळी भरण्यापूर्वी ढवळून पुन्हा मोजावे.

उरलेला फॉर्म्युला टाकून द्यावा. तो फ्रिजमध्ये ठेवून संध्याकाळी पुन्हा गरम करण्यातून वाचते ती चमचाभर भुकटी, आणि वाढतात ते जिवाणू. सिरिंज उघडून दट्ट्यासह धुवावी, उकळत्या पाण्यातून काढावी आणि कोरडी करावी. दट्ट्याचा रबर अडखळू लागला की सिरिंज बदलावी, कारण अडकलेला दट्ट्या जोर देताच एकदम सुटतो आणि घोटभर अन्न पिल्लाच्या घशात एका झटक्यात जाते. सिरिंजच्या टोकाला रबरी नळी जोडून थेट क्रॉपमध्ये अन्न सोडण्याची पद्धत अनुभवी हातांवरच सोडावी. नळी निसटून पिल्लाने गिळण्याचे आणि क्रॉप फाटण्याचे प्रकार त्यातच घडतात.

प्रत्यक्ष भरवणे

सपाट पृष्ठभागावर टॉवेल पसरून पिल्लाला त्यावर पाय रोवून बसू द्यावे. त्याला उताणे धरू नये, हवेत लोंबकळत ठेवू नये. एका हाताची दोन बोटे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, चोचीच्या कोपऱ्यांजवळ हलकेच टेकवून डोक्याला मागून आधार द्यावा. पक्ष्याची अन्ननलिका मानेच्या उजव्या बाजूने जाते, म्हणून सिरिंजचे टोक पिल्लाच्या चोचीच्या डाव्या कोपऱ्यातून आत घेऊन त्याच्या उजव्या बाजूच्या दिशेने धरतात. येथे डावे-उजवे हे पिल्लाचे, समोर बसलेल्या माणसाचे नव्हे, आणि गोंधळ बहुधा इथेच होतो.

अन्नाचा पहिला थेंब चोचीला लागताच भुकेले, निरोगी पिल्लू डोके वरखाली वेगाने हलवू लागते. ही पंपासारखी हालचाल सुरू असताना त्याची श्वासनलिकेची वाट झाकलेली राहते, आणि अन्न सोडायचे ते फक्त तेवढ्या काळात. हालचाल थांबली की दट्ट्यावरचे बोट थांबलेच पाहिजे. पिल्लू हालचाल करतच नसेल तर ते एक तर भुकेले नाही, किंवा गारठलेले आहे, किंवा फॉर्म्युला गार आहे, किंवा ते आजारी आहे. यांपैकी एकाही स्थितीत चोच उघडून बळजबरीने अन्न ओतणे हा उपाय नाही. चोचीचे कोपरे बोटाने हलकेच दाबले तर कधी कधी ही हालचाल सुरू होते, तेवढे करून पाहण्यास हरकत नाही.

अन्न नाकपुड्यांतून बाहेर आले तर ताबडतोब थांबावे, पिल्लाचे डोके किंचित खाली झुकवून त्याला खोकू द्यावे आणि नाक-चोच पुसावी. त्यानंतर श्वासात खडखड किंवा टिकटिक आवाज येत राहिला, किंवा श्वासागणिक शेपटी खालीवर होऊ लागली, तर अन्न फुप्फुसात गेले असण्याची शक्यता आहे आणि तातडीने उपचार हवेत.

ज्यांना सिरिंजची भीती वाटते त्यांनी दोन्ही कडा आत वळवून पन्हाळीसारखा केलेला चमचा वापरावा. त्यात सांडलवंड पुष्कळ होते, वेळ दुप्पट लागतो, पण पिल्लू आपल्या गतीने खाते आणि अन्न चुकीच्या वाटेने जाण्याचा धोका कमी राहतो. नवख्या माणसाला मी चमचाच सुचवेन. भरवून झाल्यावर चोचीच्या आतला कोपरा, हनुवटी आणि मानेवरची पिसे कोमट ओल्या फडक्याने पुसावीत. तिथे वाळलेल्या फॉर्म्युल्यामुळे त्वचेला जंतुसंसर्ग होतो.

किती आणि किती वेळा

एका वेळचे प्रमाण पिल्लाच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के धरावे. म्हणजे 80 ग्रॅमच्या कॉकाटीलच्या पिल्लाला एका वेळी साधारण 8 मिलिलिटर आणि 35 ग्रॅमच्या बजरीगरला साडेतीन मिलिलिटरच्या आसपास. ही वरची मर्यादा समजावी. क्रॉप त्याआधीच भरलेले लागले तर तिथेच थांबावे. डोळेही न उघडलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी भरवावे लागते, आणि असे पिल्लू खरे तर आईबापांपासून किंवा अनुभवी पालनकर्त्यापासून हलवूच नये. डोळे उघडलेले, कोंबपिसे फुटणारे पिल्लू दिवसातून चार-पाच वेळा खाते. अंगभर पिसे आलेल्याला दोन ते तीन वेळा पुरते. रात्रीचे शेवटचे भरवणे आणि पहाटेचे पहिले यांत सहा ते आठ तासांचे अंतर ठेवावे, म्हणजे क्रॉपला रिकामे होण्यास अवधी मिळतो. माणसालाही झोप मिळते, आणि झोपेअभावी थर्मामीटर न पाहता भरवणारा माणूस हा पिल्लासाठी छोटा धोका नव्हे.

वाढीच्या काळात सकाळचे वजन रोज वाढत गेले पाहिजे. ते सलग दोन दिवस जागच्या जागी थांबले, तर प्रमाण, दाटपणा आणि ऊब तिन्ही तपासावीत. ते घटले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

सिरिंज सोडवणे

पिल्लू दांडीवर चढू लागते, पंख फडफडवते, जे दिसेल ते चोचीत घेऊन पाहते आणि सिरिंज समोर धरली तरी मान फिरवते, तेव्हा ते स्वतः खाण्याच्या उंबरठ्यावर आलेले असते. बजरीगर साधारण पाच-सहा आठवड्यांत, लव्हबर्ड सहा ते आठ आठवड्यांत, कॉकाटील सात ते दहा आठवड्यांत सिरिंज सोडते. आफ्रिकन ग्रेसारख्या पोपटाला तीन ते चार महिने, तर मोठ्या मकावला त्याहूनही अधिक काळ लागतो. हे आकडे अंदाजासाठी आहेत. एकाच घरट्यातील दोन भावंडांतही आठवड्या-दोन आठवड्यांचा फरक पडतो.

या वेळी पिल्लाला शिकवायचे फारसे काही नसते, समोर मांडायचे मात्र पुष्कळ असते. पिल्ले प्रथम जमिनीवरचे टिपतात, म्हणून उथळ ताटली पिंजऱ्याच्या तळाशी, विष्ठा पडणार नाही अशा कोपऱ्यात ठेवावी. तिच्यात राळ्याचे कणीस, कोमट पाण्यात भिजवून मऊ केलेले पेलेट (तयार खाद्याच्या दाबून केलेल्या बारीक गोळ्या), उकडून कुस्करलेले गाजर किंवा रताळे, बारीक चिरलेला पाला आणि नुकते मोड आलेले दाणे असे वेगवेगळ्या रंगांचे व पोतांचे पदार्थ थोडेथोडे मांडावेत. राळ्याचे कणीस यात सर्वात उपयोगी पडते, कारण दाणे लहान असतात, सहज सुटतात आणि टिपण्याचा सराव होतो. पिल्ले ताटलीत उभी राहतात, तिच्यात झोपतात, तीत विष्ठाही टाकतात. ओले पदार्थ दोन-तीन तासांत उचलून टाकावेत, आणि मोड आलेल्या दाण्यांना आंबूस किंवा बुरशीचा वास आला तर ते देऊच नयेत. स्वतः त्याच ताटलीतील गाजराचा तुकडा बोटांत धरून पिल्लासमोर खाल्ल्याचे दाखवणे हास्यास्पद वाटले तरी फार परिणामकारक असते, कारण पोपट कळपात पाहून खातात आणि आता कळप म्हणजे आपण.

भरवण्याच्या वेळांपैकी सर्वप्रथम दुपारची कमी करावी. सकाळच्या वेळेस आधी ताटली मांडून तासाभराने सिरिंज द्यावी, आणि पुढे ती पिल्लानेच नाकारली की थांबवावी. रात्रीची वेळ सर्वात शेवटी सुटते आणि सुटू द्यावी, कारण दिवसभर पिल्लाने किती खाल्ले याची खात्री नसताना रात्रभराची शिदोरी तेवढीच असते. प्रत्येक वेळ कमी केल्यावर तीन-चार दिवस वजन पाहावे आणि मगच पुढची कमी करावी.

या काळात वजन थोडे उतरते, आणि ते स्वाभाविक आहे, कारण उडण्यापूर्वी पिल्लू अंगावरची चरबी झटकते. सर्वाधिक वजनापेक्षा सुमारे दहा टक्क्यांपर्यंतची घट चिंताजनक नाही. 95 ग्रॅमपर्यंत गेलेले कॉकाटील 86 ग्रॅमवर स्थिरावले तर ते ठीक आहे. तेच 82 वर आले तर कमी केलेली सिरिंज पुन्हा सुरू करावी, आणि त्यात कमीपणा मानू नये. ‘उपाशी ठेवले की आपोआप शिकेल’ हा सल्ला अनेकदा दिला जातो, तो ऐकू नये. भूक लागलेले पिल्लू शिकत नाही, ते ओरडते, खंगते आणि त्या काळात वाढणाऱ्या पिसांवर आडव्या फिकट रेषा उमटतात, ज्या पुढची पिसे येईपर्यंत त्या उपासमारीची साक्ष देत राहतात.

पूर्णपणे स्वतः खाणारे पिल्लूही नव्या घरी आल्यावर काही दिवस पुन्हा लहान होते. ते पिंजऱ्याच्या तळाशी अंग आकसून बसते, पंख थरथरवते आणि सिरिंजवरच्या पिल्लासारखा एकसुरी आक्रोश करते. या वेळी आठवडाभर संध्याकाळी एकदा चमच्याने थोडा कोमट फॉर्म्युला किंवा कोमट भिजवलेले पेलेट दिले तर पक्षी बिघडत नाही. बहुतेक पिल्ले स्थिरावली की ते स्वतःच नाकारतात.

दाण्यांकडून समतोल आहाराकडे

सिरिंज सुटली, वजन दोन-तीन आठवडे स्थिर राहिले, की मगच आहार सुधारण्याचा विचार करावा. केवळ दाण्यांच्या मिश्रणावर वाढलेल्या पक्ष्याला चरबी भरपूर मिळते, पण अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची चणचण राहते. सूर्यफुलाच्या बिया समोर असतील तर तो त्याच निवडून खातो, त्यामुळे पाकिटावर दहा प्रकारचे दाणे छापलेले असले तरी पोटात जातात दोनच. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने तोंडाच्या व नाकाच्या आतल्या आवरणाची हानी होते आणि वारंवार सर्दीसारखा त्रास सुरू होतो.

पेलेटमध्ये प्रत्येक घासात सारखेच पोषण असते, म्हणून पोपटांच्या आहारात त्यांचा वाटा निम्म्याहून अधिक असावा असे पक्षिवैद्य साधारणपणे सुचवतात. बजरीगर आणि कॉकाटील यांच्या बाबतीत दाण्यांना काहीसे अधिक स्थान राहते. बदल करताना सकाळी भूक तीव्र असते तेव्हा भाजी आणि पेलेट आधी द्यावेत, दाणे मोजून संध्याकाळी द्यावेत आणि आठवड्या-आठवड्याने दाण्यांचे माप थोडे कमी करावे. पेलेट बारीक कुटून ओलसर दाण्यांवर भुरभुरल्यास चव ओळखीची होते. या संपूर्ण काळात रोजचे वजन चालू ठेवावे. हा बदल काहींच्या बाबतीत दोन आठवड्यांत होतो, तर काहींच्या बाबतीत सहा महिने चालतो.

भाज्यांमध्ये गडद हिरवा पाला, गाजर, लाल भोपळा, ढोबळी मिरची, ब्रोकोली हे उत्तम. फळे थोडीच द्यावीत, कारण त्यांत साखर व पाणी अधिक असते. एखादी भाजी पक्ष्याने दहा वेळा नाकारली म्हणून ती त्याला आवडत नाही असे समजू नये. अकराव्या वेळी वेगळ्या आकारात चिरून किंवा पिंजऱ्याच्या गजाला लटकवून पाहावी.

पाणी रोज दोनदा बदलावे आणि पहिल्या काही आठवड्यांत भांडे उथळ ठेवावे, कारण धडपडणारे पिल्लू खोल भांड्यात पडू शकते. पाण्यात जीवनसत्त्वांचे थेंब टाकणे टाळावे. त्याने चव बदलून पक्षी पाणी कमी पितो आणि पाण्यात जिवाणूही लवकर वाढतात. कॅल्शियमसाठी समुद्रफेन, म्हणजे कटलबोन, गजाला अडकवून ठेवावे. ते शरीरात शोषले जाण्यास ड जीवनसत्त्व लागते आणि त्यासाठी काचेतून गाळून न आलेले कोवळे ऊन हवे. ऊन देताना सावलीचा कोपरा आणि मांजर-कावळ्यांपासून बंदोबस्त हवाच. दाणे सोलून खाणाऱ्या पोपटांना खडेवाळूची गरज नसते. ती कबुतरांना लागते, कारण ते दाणा सालीसकट गिळतात.

अजिबात न देण्याचे पदार्थ थोडे पण ठाम आहेत: अॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, मद्य, कांदा-लसूण, खारवलेले पदार्थ आणि सफरचंदासारख्या फळांच्या बिया. यांत अॅव्होकाडो सर्वाधिक धोक्याचे, कारण त्यातील पर्सिन या द्रव्याने पक्ष्याचे हृदय निकामी होऊ शकते. आपल्या तोंडातला घास पक्ष्याच्या चोचीत देण्याची हौसही आवरावी, माणसाच्या लाळेतील जिवाणू त्याला बाधू शकतात. नॉनस्टिक भांडे रिकामे तापले तर त्यातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. हा विषय खाण्याचा नसला तरी फॉर्म्युला स्वयंपाकघरातच तयार होतो आणि पिल्लाचा खोकाही ऊब मिळावी म्हणून तिथेच ठेवला जातो, म्हणून तो इथे सांगणे भाग आहे.

विष्ठा वाचणे आणि वैद्याकडे जाणे

पक्ष्याच्या विष्ठेत तीन भाग असतात: हिरवट-तपकिरी घट्ट भाग, पांढरा युरेटचा (मूत्रातील घन द्रव्याचा) भाग आणि पाणी. फॉर्म्युल्यावरच्या पिल्लाची विष्ठा मोठी व ओलसर असते, भाजी जास्त खाल्ली की पाणी वाढते, बीट खाल्ले की ती लाल होते, रंगीत पेलेटांनी रंग बदलतो. हे सर्व चालते. घट्ट भाग अगदीच कमी होऊन विष्ठा गडद हिरवी व बारीक झाली तर पक्षी खात नाही असे समजावे, वाटी कितीही विस्कटलेली असो. ती डांबरासारखी काळी दिसली, किंवा पांढरा भाग पिवळा-हिरवा झाला, तर ते आजाराचे लक्षण आहे. पिंजऱ्याच्या तळाशी साधा पांढरा कागद अंथरून रोज बदलला तर हे सहज दिसते, भुशात काहीच दिसत नाही.

पक्षी आजार लपवतात, आणि अंग फुगवून डोळे मिटून तळाशी बसलेला पक्षी बहुधा बऱ्याच आधीपासून आजारी असतो. छातीच्या मधोमध असलेले हाड दर दोन-तीन दिवसांनी बोटाने चाचपावे. ते सुरीच्या धारेसारखे टोकदार लागू लागले तर स्नायू झिजले आहेत. एका दिवसात दहा टक्के वजन घटणे, सलग दोन वेळा अन्न नाकारणे, उलट्यांनी डोक्यावरची पिसे चिकट होणे, श्वासाला आवाज येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी वैद्याकडे जावे. नेताना पिल्लू हवा खेळेल अशा खोक्यात, फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवावे, क्रॉप भरून नेऊ नये, आणि सोबत वजनांची वही, फॉर्म्युल्याचे पाकीट व त्या सकाळचा विष्ठा पडलेला कागद घ्यावा.